तालिकेच्या कप्प्यावर पाटी नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एका बाईंनी मुलाचा फोन घेतला, एका मराठी आरोग्यविषयक संकेतस्थळावर गेल्या आणि तिथल्या शोधाच्या चौकटीत लिहिलं, 'अंगावरून जास्त जाणे'. वय ४४. तीन महिने हे दुखणं त्या कुणाला न सांगता अंगावर काढत होत्या. डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांना एवढंच समजून घ्यायचं होतं की या वयात असं होतं का, आणि घाबरण्यासारखं आहे का.

त्या संकेतस्थळावर या विषयावर एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा चांगला लेख आहे. मी तो नंतर वाचला. साध्या भाषेत लिहिलेला आहे, आणि कोणत्या लक्षणांना घाई करायची नि कोणत्यांना नाही, हे त्यात नीट सांगितलं आहे. पण शोधाच्या यादीत तो पाचवा होता. त्याच्या वर चार नोंदी होत्या. अक्षरं तशीच निळी, आकार तोच, खाली तशाच दोन ओळींची माहिती. पहिलीच नोंद होती, दुर्बिणीतून पिशवीचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी, सुलभ हप्ते. बाईंना वाटलं, आपण विचारलं त्याचं उत्तर हेच. त्यांनी ती उघडली. पुढच्या पानावर 'मोफत सल्ला' असं म्हणून नाव आणि फोन नंबर मागितला होता. त्यांनी हातातल्या फोनचा नंबर भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा तो मुलाच्या खिशात होता. मुलगा २१ वर्षांचा, एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकं समोर उभी असताना पलीकडून विचारणा झाली, "गर्भपिशवीच्या ऑपरेशनची चौकशी केली होती, पेशंट कोण आहेत?" त्यानंतर दोन आठवडे रोज एक-दोन फोन. आईने मुलाशी कधीच न बोललेली गोष्ट त्याला एका परक्या मुलीकडून कळली, तीही दुकानाच्या काउंटरवर.

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा रडत नव्हत्या, पण मान वर करत नव्हत्या. म्हणाल्या, "काकू, मी तर नुसतं विचारलं होतं."

त्यांचं ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होते. देवघेवीच्या टेबलामागे बसून माणसं कसे प्रश्न विचारतात ते मी पाहिलं आहे. बोलताना अडखळणारा एक मुलगा महिनाभर नुसता कपाटांसमोर फिरायचा. शेवटी त्याने कागदाच्या चिठ्ठीवर 'तोतरेपणा' एवढंच लिहून ती माझ्यापुढे सरकवली. एक बाई घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक दोन पाककृतींच्या पुस्तकांच्या मध्ये ठेवून आणायच्या. मी तीनही पुस्तकांचे दाखल नंबर मान खाली घालून लिहायची आणि वहीचं पान लगेच उलटायची, म्हणजे मागच्या वाचकाची नजर त्यावर पडायला नको. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास केला तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने १९३९ सालीच आपल्या आचारसंहितेत लिहून ठेवलं होतं, वाचकाच्या संपर्कातून कळलेली त्याची खाजगी गोष्ट ग्रंथपालाने गुप्त ठेवली पाहिजे. आपल्याकडे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तालिकेचं कपाट, म्हणजे ज्याला आम्ही सगळे कॅटलॉगच म्हणायचो, ते त्यासाठीच असतं. त्यातल्या छोट्या कार्डांचा क्रम विषयावर आणि अक्षरावर ठरतो. पैसे देऊन कुणाला आपलं कार्ड पुढे लावून घेता येत नाही.

तसा प्रसंग आमच्यावर एकदा आला होता. १९९८ची गोष्ट. तालिकेचं लाकडी कपाट वाळवीने खाल्लं होतं आणि नवं लोखंडी कपाट घ्यायला ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. खतं-बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याने ते देऊ केलं. अट एकच, 'शेती' विषयाच्या कप्प्यावर त्यांच्या दुकानाची छोटी पाटी लावायची. माणूस भला होता, वाईट हेतू अजिबात नव्हता. त्यावर कार्यकारी मंडळाची बैठक दोन तास चालली. निम्म्या सभासदांचं म्हणणं होतं, काय बिघडतं, शेतकऱ्याला बियाणं लागतंच. आमचे तेव्हाचे अध्यक्ष शेवटी म्हणाले की पाटी दारावर लावू, चांगली मोठी लावू, कपाटावर देणगीदार म्हणून नावही कोरू, पण कप्प्यावर नको. कप्पा उघडणारा माणूस प्रश्न घेऊन आलेला असतो आणि त्याला वाटेल की त्या दुकानाकडे जा हे ग्रंथालयच सांगतंय. व्यापाऱ्यांना ते पटलं. कपाट आलं, दारावर पाटी लागली. नंतर दर वर्षी त्यांनी स्मरणिकेलाही जाहिरात दिली.

आज संकेतस्थळांच्या शोधाच्या पानावर जे चाललं आहे, ती कप्प्यावरची पाटी आहे.

माझा भाचा पुण्यात संकेतस्थळं बांधून देतो. दिवाळीत तो आला तेव्हा त्याला समोर बसवून मी हे सगळं समजून घेतलं. त्याने एक संकेतस्थळ उघडून शोधाच्या चौकटीत 'कांदा' लिहिलं आणि वरच्या पत्त्याच्या ओळीकडे बोट दाखवलं. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मग 'एस', मग बरोबरचं चिन्ह, आणि त्यापुढे आपण लिहिलेला शब्द. वर्डप्रेसवर बांधलेल्या संकेतस्थळांची ही रीत, आणि मराठीतली पुष्कळ छोटी संकेतस्थळं त्यावरच चालतात. शोधाच्या पानावर जाहिरात कंपनीचा कोड बसवलेला असेल तर हा शब्द त्या कंपनीकडे जातो. तिथे त्या शब्दावर बोली लावून बसलेले जाहिरातदार असतात. पापणी लवायच्या आत लिलाव होतो आणि जिंकलेल्या जाहिराती परत येतात. त्यांची अक्षरं, रंग, ओळींतलं अंतर संकेतस्थळाला आपल्या यादीसारखं करून घेता येतं. जाहिरात आहे असं सांगणारा शब्द असतो, पण तो इतका बारीक आणि फिका की चाळीशी लागलेल्या डोळ्यांना दिसत नाही. शिवाय तो इंग्रजीत. वाचकाने जाहिरातीवर बोट ठेवलं की पैसे जमा होतात आणि त्यातला वाटा संकेतस्थळाला मिळतो.

किती वाटा? गूगलने मे २०१० मध्ये स्वतःच आकडे जाहीर केले होते. लेखाशेजारच्या जाहिरातीतून आलेल्या उत्पन्नातले ६८ टक्के संकेतस्थळाला, आणि संकेतस्थळाच्या शोधाच्या पानावरच्या जाहिरातीतले ५१ टक्के. मी हे आकडे बराच वेळ बघत बसले. लेख वाचणाऱ्याला काय हवं आहे याचा अंदाज बांधावा लागतो. शोधणाऱ्याने आपली गरज आपल्याच शब्दांत लिहून दिलेली असते. त्यामुळे या पानाची किंमत जाहिरातदाराला वेगळीच वाटणार, हे माझ्यासारखीलाही समजतं.

या पानावरून मोठमोठे खटले झाले आहेत. दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरच्या शोधाच्या पानावर प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती येऊ नयेत अशी कलमं गूगलने २००६ पासून करारांत घातली होती. त्यावरून युरोपीय आयोगाने मार्च २०१९ मध्ये त्यांना १४९ कोटी युरोंचा दंड केला. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने तो रद्द केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला. त्या निकालाचा मुख्य भाग गूगलच्या स्वतःच्या शोधपानाबद्दल होता, पण दुसऱ्या संकेतस्थळांना शोधसेवा पुरवताना घातलेल्या बंधनांवरही आयोगाने बोट ठेवलं होतं. हे खटले झाले ते चांगलंच झालं. पण दोन्हीकडे मुख्य भांडण होतं ते कंपन्यांमधल्या स्पर्धेचं. चौकटीत शब्द लिहिणाऱ्या माणसाची खाजगी गोष्ट खाजगी राहावी, हा तिथला मुख्य प्रश्न नव्हता.

मला जाहिरातींचं वावडं नाही. फलटणकडे माझा चुलतभाऊ डाळिंब करतो. शेतीच्या संकेतस्थळावर 'ठिबक' असं शोधल्यावर त्याला ठिबकच्या नळ्या विकणाऱ्याची जाहिरात दिसली, ती बाजूला वेगळ्या रंगात असली आणि वर 'जाहिरात' असं लिहिलं असलं, तर त्याचं काही बिघडत नाही, उलट उपयोगच होतो. शब्दाला जाहिरात चिकटवणं ही एक गोष्ट. तो शब्द लिहिणाऱ्या माणसाला ओळखून ठेवणं आणि मग त्याच्या मागे मागे जाणं ही दुसरी. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे या दोन पद्धती तांत्रिकदृष्ट्याही वेगळ्या आहेत. शब्दापुरत्या जाहिराती दाखवायच्या आणि माणसावर नेम धरायचा नाही, असं संकेतस्थळाच्या मालकाला सेटिंगमध्ये ठरवता येतं.

माणसावर नेम धरणाऱ्यांनी आमच्याकडची घरं पाहिलेली नाहीत. फोन एका माणसाचा असतो असं त्यांनी धरलं आहे. आमच्या आळीत सकाळी त्या फोनवर आजोबा भजन ऐकतात, दुपारी सून स्वयंपाकाचा व्हिडिओ बघते, संध्याकाळी मुलगी अभ्यास करते आणि रात्री तो मालकाच्या उशाशी असतो. दुपारी सुनेने शोधलेली गोष्ट रात्री सासऱ्याच्या समोर जाहिरात म्हणून येऊन उभी राहिली तर त्या घरात काय होतं, याचा विचार करा. १५ वर्षांच्या मुलीने बापाच्या फोनवर 'पाळी चुकली' एवढं लिहिलं, तर यंत्राच्या लेखी तो ४६ वर्षांचा पुरुष असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. पण बापाच्या फोनमागे बसलेली ती मुलगी त्या कायद्याला दिसणार कशी? तिचं रक्षण व्हायचं तर शोधाच्या पानावर कुणाचाच माग काढायचा नाही, एवढा एकच उपाय मला दिसतो.

आता आजाराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मला तेच जास्त लागलं आहे. गर्भपिशवी काढणं हा आपल्या राज्यात किरकोळ विषय नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याची बाब २०१९ मध्ये विधान परिषदेत आली आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीचा त्रास म्हणजे पिशवी काढून टाका, कटकट संपवा, असं सांगणारी माणसं गावोगाव आहेत. अशा वेळी एखादी बाई कुणाचं ऐकण्याआधी स्वतः वाचून बघते, ही किती मोठी गोष्ट आहे. आम्ही ग्रंथालयवाल्यांनी आयुष्यभर हेच तर सांगितलं, वाचा, विचारा. आणि ती विचारायला जाते त्या जागी, डॉक्टरांच्या लेखाच्या वर, ऑपरेशनची हप्त्यांची जाहिरात तिची वाट बघत बसलेली असते. त्या संकेतस्थळाने लेख चांगला लिहवून घेतला, त्यासाठी कष्ट केले असतील, पैसे दिले असतील. मग त्या लेखाकडे जायची वाट त्यांनी का विकली?

उत्तर मला माहीत आहे. मराठी संकेतस्थळं चालवणं सोपं नाही. वाचक वर्गणी देत नाहीत. मीसुद्धा एकाच ठिकाणी देते. आमच्या ग्रंथालयाचं अनुदानही वेळेवर यायचं नाही आणि स्मरणिकेच्या जाहिरातींवर आम्ही वाचनकक्षाचे पत्रे बदलले आहेत. तेव्हा जाहिराती बंद करा असं मी म्हणणार नाही. दारावर लावा, भिंतीवर लावा, लेखाशेजारी लावा. शोधाचं पान सोडा. सोडणं अगदीच परवडत नसेल तर निदान आपल्या लेखांची यादी आधी, जाहिराती तिच्या खाली, वेगळ्या रंगाच्या पट्ट्यात, आणि वर मराठीत, बाकीच्या अक्षरांएवढ्याच अक्षरांत 'जाहिरात'. आजार, कर्ज, गर्भपात, घटस्फोट, व्यसन, आत्महत्या असे शब्द आले तर त्या पानावर जाहिरातीचा कोड चालूच करायचा नाही. अशा शब्दांची यादी करून ठेवणं हे भाच्याच्या हिशेबाने एका दुपारचं काम आहे. विषयवार शब्दांच्या याद्या करण्यात माझं आयुष्य गेलं. कुणाला हवी असेल तर मराठी बोलीतल्या शब्दांसकट अशी यादी मी विनामूल्य करून देईन. कारण लोक 'रजोनिवृत्ती' असं शोधत नाहीत, 'पाळी जाणे' असं शोधतात.

ग्राहकांच्या बाजूने नियम नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातला एक प्रकार आहे, आजूबाजूच्या मजकुरात मिसळून जाईल अशी बेतलेली आणि त्यामुळे माणूस फसून उघडेल अशी जाहिरात. त्या बाईंच्या पुढ्यात आलेलं पान याहून वेगळं काय होतं? राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. त्यावर तक्रार करायला मी बाईंना सुचवलं. त्या नको म्हणाल्या, कारण तक्रार करायची म्हणजे तीच गोष्ट पुन्हा एका परक्या माणसाला सांगायची. मी आग्रह केला नाही.

आता आपल्याबद्दल. संपादक महोदय, मी आपलं वृत्तपत्र वाचनकक्षाच्या काठीला ३१ वर्षं लावत आले. बातमीसारखी दिसणारी जाहिरात असली तर तिच्या डोक्यावर 'जाहिरात' असा शब्द आपण छापता. स्पर्धा परीक्षांची मुलं कात्रणं काढायला बसायची तेव्हा मी त्यांना तो शब्द बोटाने दाखवायची, हे वगळा म्हणून. मागच्या सोमवारी आपल्याच संकेतस्थळावर मी 'पीक विमा' असं शोधलं. आपल्या वार्ताहरांनी या विषयावर उत्तम बातम्या दिल्या आहेत, त्या मी कागदावर वाचल्या होत्या. पडद्यावर पहिल्या तीन जागी मात्र विमा आणि कर्ज विकणाऱ्या कंपन्या आल्या, आपल्याच बातम्यांच्या मथळ्यांसारख्या अक्षरांत. बाजूला राखाडी रंगात दोन इंग्रजी अक्षरं होती, ती मला भिंगातून वाचावी लागली. नुकसानभरपाईची शेवटची तारीख शोधणारा शेतकरी आपल्या नावावर विश्वास ठेवून तिथे आलेला असतो. छापील अंकात आपण जी रेघ पाळता ती तिथेही पाळावी, आणि काय ठरवलं ते याच स्तंभात आम्हा वाचकांना कळवावं, एवढी विनंती आहे.

त्या बाईंना मी स्वतः उपजिल्हा रुग्णालयात घेऊन गेले. सोनोग्राफी झाली. लहान गाठ आहे, गोळ्या चालू आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे, आणि ऑपरेशनची गरज नाही असं तिथल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं. मुलगा आता स्वतःहून विचारतो, आई, गोळी घेतली का.

पत्राखाली माझं आणि गावाचं नाव छापू नये. आळी लहान आहे, माझ्या नावावरून त्या कोण ते लगेच कळेल. हे पत्र पाठवण्याआधी मी त्यांना वाचून दाखवलं आहे. त्यांनी दोन ठिकाणी तपशील बदलायला सांगितले, ते बदलले आहेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त ग्रंथपाल,
जि. सातारा